हिला एक गोळी लिहून द्या

"आधी हिचं नीट ऐकून घ्या," मिस्त्री म्हणाले, आणि बायकोला तोंड उघडायची संधी न देता स्वतःच बोलायला लागले.

डॉक्टरबाई ऐकत राहिल्या. हे जोडपं त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. मिस्त्रींचा सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि आता बायको दुरुस्त करायला निघाले होते.

आज वर येताना दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये चांगलीच खडखडली होती. काकूंनी वर छताकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मिस्त्री आपल्या चपलांकडे बघत उभे होते. डोक्याला एवढी काळजी असली की माणसाचं दुसरीकडे कुठून लक्ष जाणार?

बाहेर नर्सने दोघांनाही वजनकाट्यावर उभं केलं. मिस्त्रींचं वजन बरंच उतरलेलं निघालं. "काटा एकदा तपासून घ्या," असं तिला सांगूनच ते आत आले होते.

"हिला झोप नाही," मिस्त्री सांगत होते. "पहाटे बघावं तर ही टक्क जागी."

"रोज?"

"अगदी रोज. मी बघतो ना."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "आणि जेवण?"

"त्याचं तर विचारूच नका. स्वयंपाकात हिचं मनच राहिलेलं नाही. भाजीला चव नाही, आमटीला चव नाही."

"मीठ-मसाला तोच घालते मी," काकू पुटपुटल्या.

"ऐकलंत? कबूलही करत नाही." मिस्त्रींनी खुर्ची पुढे ओढली. "पूर्वी ओट्याशी उभी असली की सारखी गुणगुणायची. सूर नसायचा, ते जाऊ दे. पण आता तेही बंद."

"का हो काकू?"

"घरात आवाज नको वाटतो," काकू म्हणाल्या आणि पर्सची चेन उघडून पुन्हा लावली.

"कुणी यायला नको, कुठे जायला नको. माझा संध्याकाळचा पत्त्यांचा अड्डा होता, तोही सोडला मी. हिला एकटीला टाकून कसा जाणार?" मिस्त्रींनी आवाज खाली आणला. "तेव्हा तुम्ही एक करा. हिला ती मनाची गोळी लिहून द्या. आमच्या शेजाऱ्यांना त्यांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत लिहून दिली. माणूस आता टुणटुणीत आहे."

बाहेरच्या बाकावर गर्दी झाली होती. कुणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं खोकलं.

"खरं सांगू का काका?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाहेर एवढी माणसं बसली की आमचा हात आपोआप पेनकडे जातो. घरचे मागे लागले की आणखीच लवकर जातो. उलट काही डॉक्टर इतके बिचकतात की गरज असूनही लिहीत नाहीत. मला दोन्ही नको. म्हणून जरा खोदून विचारते. जीव नकोसा होणं, असं काही?"

"छे, छे. तसलं काही नाही." मिस्त्री लगेच म्हणाले. "पण सकाळी डोळे उघडले की वाटतं, उठून करायचं तरी काय. आपली कुणाला गरज राहिलेली नाही." मग घाईने जोडलं, "हिला वाटतं, म्हणजे."

"आणि तुम्हाला काय हवंय?"

मिस्त्रींनी टेबलावरची औषध कंपनीची जाहिरात उगाचच सरळ केली. "घर पहिल्यासारखं हवं," ते म्हणाले. "ही माझ्याशी इतकं जपून बोलते हल्ली. पूर्वी कशी भांडायची. मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं हो."

काकूंनी खिडकीकडे तोंड वळवलं.

"काकू, तुमचं काय म्हणणं?"

"हे सांगतात त्यातली लक्षणं सगळी खरी आहेत," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि डॉक्टर, तुमची लिफ्ट खडखडते."

"हो? तुम्हाला ऐकू आलं?"

"मला आलं."

"बघा, हे असं चालतं," मिस्त्री हताश होऊन म्हणाले. "विषय काय, बोलते काय."

डॉक्टरबाई काकूंकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहायला घेतलं.

"सकाळी नाश्ता झाला की एक गोळी. लगेच गुण येणार नाही, काही आठवडे धीर धरावा लागेल. सुरुवातीला पोटात ढवळेल. मनाने बंद करायची नाही, आणि सध्या दर आठवड्याला मला येऊन भेटायचं. नुसत्या गोळीने भागणार नाही, बोलायलाही हवं. संध्याकाळी घराबाहेर पडायचं, चार माणसांत बसायचं."

"सगळं होईल," मिस्त्रींचा चेहरा उजळला. "मी हमी देतो. एक दिवस चुकणार नाही."

"हमी घेतली तुमची. पण पेशंटने स्वतः वाचून हो म्हटलं तरच. नाहीतर ही चिठ्ठी मी इथेच फाडीन."

"म्हणेल, म्हणेल." मिस्त्रींनी चिठ्ठी न बघताच बायकोपुढे सरकवली.

काकूंनी चिठ्ठी वाचली. डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि चक्क हसल्या. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी ते हसू दिसलं होतं.

"हो म्हण गं," ते म्हणाले. "यात लाजण्यासारखं काय आहे? ताप आला तर घेतोच ना आपण औषध? आणि मी आहे की तुझ्याबरोबर."

"हेच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं," काकू म्हणाल्या. त्यांनी पर्समधून मिस्त्रींचा वाचायचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि चिठ्ठीबरोबर त्यांच्या हातात दिला.

मिस्त्रींनी चष्मा चढवला. चिठ्ठीवर सगळ्यात वर, डॉक्टरबाईंच्या टपोऱ्या अक्षरात, त्यांचं स्वतःचं नाव होतं.