दिवसाला सात

“कासव या महिन्यातही लाल. आजच पत्र द्या त्याला,” फलकाकडे बघत साहेब तिला म्हणाले.

शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्या शाखेत कामगिरी मोजायचं काम तिच्याकडे होतं. कंपनीने ‘वेगवान सेवा’ हे धोरण जाहीर केलं, तेव्हा ते अमलात आणायला हा फलक तिनेच आखला होता. दिवसाला सात तक्रारी मिटल्या की हिरवा. सलग तीन महिने लाल, की घरी. पाठीमागे सगळे तिला फूटपट्टी म्हणायचे. तिच्या कानावर ते केव्हाच आलं होतं, पण आता रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

कासव म्हणजे तिथला सगळ्यात जुना मेकॅनिक. दिवसाला दोन मशीनं, फार तर तीन. सगळं खोलायचा, पुसायचा, तेल द्यायचा, आणि शिवणाऱ्या बाईने समोर बसून अख्खी बाही शिवून दाखवल्याशिवाय जागचा हलायचा नाही. निवृत्तीला दीड वर्ष होतं. घरी बायको अंथरुणाला खिळलेली.

पत्र काही लिहवेना. मग ती वर्षभराच्या तक्रारी काढून बसली. पत्ते जुळवता जुळवता चहा गार झाला. बाकीच्यांच्या दर सात तक्रारींपैकी चारांचे पत्ते पुन्हा पुन्हा तेच होते. पट्टा आवळायचा नि पळायचं. आठवड्याभरात तेच मशीन, नवी तक्रार, पुन्हा हिरवा. फलक आखताना पत्ता बघायचं तिला सुचलंच नव्हतं. कासवाचं मात्र एकही मशीन परत आलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने कागद साहेबांपुढे ठेवले. “चूक माझी आहे, साहेब. परत आलेली मशीनंही मोजायला हवीत.”

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. “ती मोजली तर अख्खी शाखा लाल होईल, बाई. मग वरचे शाखेलाच टाळं ठोकतील. तुम्ही, मी, सगळे घरी. हवं तर त्याला एक महिना देतो. आकडा सातवर आणा.”

कासव मागच्या खोलीत हात पुसत होता. तिला बघून लगबगीने उठला.

“बोला मॅडम. काही चुकलं का माझं?”

“नाही काका,” ती म्हणाली. मग खाली बघत तिने विचारलं, “उद्यापासून काम थोडं वाईट करायला जमेल का?”