रत्नप्रभाबाईंचा समुद्र

"डिकीत चटई ठेवलीस का?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"ठेवली," वीणा म्हणाली. "पण आई, इथून समुद्र किती लांब आहे."

"असू दे. मनात आलं की निघता आलं पाहिजे."

अठ्ठ्याहत्तर साल होतं. चंडीगडला, सेक्टर तीसमधल्या क्वार्टरसमोर ती जुनी फियाट कायम भरलेली उभी असे. डिकीत चटई, टॉवेल, सुती साड्या, चिवड्याचा डबा. चिवडा मऊ पडला की रत्नप्रभाबाई नवा करून भरत. टाकीत पेट्रोल कमी झालेलं त्यांना चालत नसे. यजमान गेल्यावर त्या मुलाकडे राहायला आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी ही गाडी घेतली.

मुलगा श्रीपाद जवळच्याच प्रयोगशाळेत इंजिनिअर होता. चालत जायचा. "आईचं माहेर आंजर्ल्याचं," तो मित्रांना हसत सांगे, "म्हातारपणी समुद्र आठवतोय." बायकोनं, वीणानं, एकटीनं बाहेर पडलेलं त्याला खपत नसे. मराठी बायकांच्या हळदीकुंकवालाही तो नको म्हणे, दिल्लीला तिच्या भावाकडे जायलाही. आईला फिरवायला मात्र त्याची ना नव्हती.

वीणानं गाडी शिकावी हा हट्टही बाईंचाच. शेजारच्या सोढीजींनी तिला सेक्टर चौतीसच्या मोकळ्या रस्त्यांवर शिकवलं. "क्लच आराम से, बेटी," ते म्हणत. भर जूनमध्ये ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालून आली, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत बसले.

मग केव्हाही, भाजी फोडणीला टाकलेली असतानासुद्धा, बाई म्हणत, "वीणा, चल. समुद्र."

स्टोव्ह बंद करायचा आणि निघायचं. आधी झिरकपूरपर्यंत, मग अंबाल्यापर्यंत. एकदा तर थेट करनाल. वाटेत पंप कुठे, फाटा कुठे, बाई विचारत राहायच्या. वीणा चुकली की पुन्हा विचारायच्या. मग एकदम म्हणायच्या, "अजून लांब आहे. फिरव गाडी."

परतताना वीणाला रडू येई. श्रीपाद यायच्या आत पोळ्या व्हायला हव्या असत. त्या घरात एकाचा राग सांभाळायचा आणि एकीची हौस. तिला काय हवं, हे कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता.

सासूवर तिचा राग होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. श्रीपादचा आवाज चढला की बाई रेडिओ मोठा करत आणि आपल्या खोलीचं दार लोटून घेत. सगळं शांत झाल्यावर बाहेर येत आणि न बोलता तिच्या दंडाला हळद लावत.

"तुम्ही त्यांना काही म्हणत का नाही?" वीणानं एकदाच विचारलं होतं.

"त्याच्या वडलांना तरी कुठे म्हणू शकले," बाई म्हणाल्या, आणि फडकं घेऊन गाडी पुसायला गेल्या.

ऑगस्टमध्ये एका दुपारी श्रीपाद जेवायला आला. आमटी गार होती. तो परत कामावर गेला तेव्हा वीणा स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली होती. ओठ फाटला होता. आमटी भिंतीवरून ओघळत होती. बाहेर रेडिओ बंद झाला.

रत्नप्रभाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "चल. समुद्र."

वीणानं त्यांच्याकडे पाहिलं. आज तरी ही बाई काही बोलेल, असं तिला वाटलं होतं.

"आज नको, आई. तुमच्या पाया पडते."

"आजच."

नाही म्हणायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. तिनं उठून तोंड धुतलं, चपला घातल्या. गाडी सुरू केली आणि सासूला बसता यावं म्हणून वाकून पलीकडचं दार उघडलं.

बाईंनी ते बाहेरून लावून टाकलं. वळसा घालून त्या तिच्या खिडकीशी आल्या.

"बसा ना," वीणा म्हणाली.

"मी कुठे येऊ? तो आल्यावर त्याला तोंड द्यायला घरात कुणीतरी हवं." त्यांनी खिडकीवर ठेवलेला हात काढून घेतला. "करनाल गेलं की सरळ पुढे दिल्ली. तुझा भाऊ कधीपासून वाट बघतोय."