विसरलेली खूण

कारखान्यातल्या गॅसगळतीत दिलावरचा धाकटा भाऊ गेला, कारण धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. गॅस हेरणाऱ्या सेन्सरची देखभाल दिलावरकडे होती. साहेबांनी खापर त्याच्यावर फोडलं आणि त्यालाही ते पटलं होतं.

कारखान्याची प्रोग्रामर हेमांगी कोड तपासत होती. भोंग्याचा प्रोग्राम सुरू होताना स्वतःचाच कोड वाचायचा आणि 'धोका' अशी खूण असलेली फंक्शन्सच, म्हणजे कोडचे तेवढेच तुकडे, भोंग्याला जोडायचा. गॅसचं फंक्शन तिनेच लिहिलेलं. त्यावर ती खूणच नव्हती, म्हणून सेन्सरचा इशारा भोंग्यापर्यंत पोचलाच नव्हता. तिने गुपचूप खूण केली आणि चाचणी घेतली.

भोंगा कारखानाभर किंचाळला. दिलावर धावत आला.

"मॅडम, त्या दिवसापासून सेन्सरला मी हातसुद्धा लावला नाही. मग आज भोंगा कसा वाजला?"

"सेन्सर ठीकच होता, दिलावरभाई. चूक माझी."

भोंगा बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.