वीणेचा पहारा

दीपानं फॉर्म पुढे केला तेव्हा आढाव सरांच्या गळ्यात वीणा होती, आणि सही करायला हात मोकळा नव्हता.

श्रीरामपूरच्या त्या कॉलेजात विशेष मराठीचा तास असाच चाले. हरिनाम सप्ताहातल्यासारखी वीणा एकाकडून दुसऱ्याकडे जायची, खाली टेकायची नाही. सर अभंग आधी गायचे, मग शिकवायचे. शेजारची कॉमर्सची पोरंही खिडकीशी येऊन उभी राहत. तास संपला की वीणा खुंटीला लागायची. आज खुंटी सकाळीच उपटली होती. तिथं कॉम्प्युटरसाठी एसी बसणार होता.

यंदा पाच विद्यार्थी नसतील तर वर्ग बंद, असं संस्थेनं कळवलेलं. मुदत आज पाचच्या घंटेपर्यंत. मोजून पाचच होते. चौघं सोनईची एसटी गाठायला गेले, मागे राहिली ती पाचवी, दीपा.

"कॉम्प्युटरला जाते सर. दादा म्हणतात, परदेशी कंपन्या पुण्यात यायला लागल्यात, अभंगावर कोण नोकरी देतंय."

बोलून गेली आणि तीच ओशाळली.

पेन खिशातच राहू द्यावं, असं सरांच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यानं वर्ग वाचला असता. पण पोरीच्या प्रवेशाचीही मुदत आजचीच होती.

"धर," म्हणत त्यांनी वीणा तिच्या गळ्यात घातली. रिवाजाप्रमाणे दोघं एकमेकांच्या पाया पडली. सरांनी सही केली, खाली तारीख घातली. मग पुन्हा पाया पडून तिनं वीणा परत दिली. या खेपेला तिला वर उठायला जरा वेळच लागला.

ती गेली आणि शिपाई कानिफनाथ कॉम्प्युटरचं एक मोठं खोकं ढकलत आत आला. अनवाणी होता.

"मशीनला बी सोवळं लागतंय म्हनं सर. चपला भाईरच काढायच्या," तो हसत म्हणाला. मग रिकामे बाक दिसले तसं त्याचं हसू मावळलं. "ठिवा की ती बाकावर. किती येळ उभं ऱ्हाताल?"

"ठेवायची नसते, कानिफनाथ. घेणारा येईस्तोवर उभं राहायचं असतं."

कानिफनाथनं घड्याळाकडे पाहिलं. पाचला मिनिटभर कमी होतं. तो व्हरांड्यात गेला, घंटेचा हातोडा हातात घेतला आणि फाटकाकडे बघत थांबला.

त्या दिवशी पाचची घंटा सव्वापाचला झाली.