दुसरी केबल

नव्या दवाखान्याच्या सर्व्हर रूममध्ये हृषीकेशने चाचणीसाठी नेटवर्क स्विचमधली चालू केबल उपटली. मेट्रनबाई दचकल्या. "अहो, पेशंटचे रिपोर्ट अडकतील!"

"नाही अडकत. एक गेली की दुसरी लगेच सगळं सांभाळते," तो म्हणाला. आणि पडद्यावर रिपोर्ट खरंच येत राहिले.

घरी मात्र त्याचं आणि बाबांचं सगळं बोलणं आईमार्फतच चालायचं. "जेवलाय का, विचार त्याला," बाबा मागून म्हणायचे आणि आई फोनवर विचारायची. आईचं तेरावं उरकून तो परतला, त्यानंतर फोनच झाला नव्हता.

हातातली केबल तशीच धरून त्याने घरचा नंबर लावला.

"बाबा, मी बोलतोय."

"हं, थांब," बाबा सवयीने म्हणाले, "आईला देतो."

फोन मात्र कुणीच ठेवला नाही.