कपचीसुद्धा मागे नको

टेंपो दहिवलीचा पूल उतरून थांबला, तसे टिपणीस खाली उडी मारून मागे धावले आणि त्यांनी पेटीचे दोर चाचपले. रोमहून मुंबईच्या बंदरापर्यंत पेटीला ओरखडा आला नव्हता. आता कर्जतच्या खड्ड्यांनी घात करायला नको होता.

"सायेब, अंडी हायत का आत?" ड्रायव्हरने विचारलं.

"वाघजाई आहे."

ड्रायव्हरने बिडी विझवली आणि पुढे टेंपो बैलगाडीच्या चालीने नेला.

पेटीवर निळ्या-पांढऱ्या ढालीची खूण होती. लढाई पेटली तरी असल्या जुन्या ठेव्याला धक्का लावायचा नाही, असं देशोदेशींनी मिळून ठरवलं होतं, त्याची ती खूण. इथे लढाई नव्हती, दरड होती. दोन पावसाळ्यांमागे डोंगर घसरून देवळावर आला आणि काळ्या दगडातली वाघजाई चिखलातून शकलाशकलांनी निघाली.

टिपणीस मुंबईच्या सरकारी खात्यात जुन्या मूर्तींची देखभाल बघत. इटलीत पुरात बुडालेले पुतळे वाचवणारी एक तुकडी होती, तिला त्यांनी मदतीला बोलावलं. तुकडीच्या मार्ताबाई कर्जतच्या डाकबंगल्यात मुक्काम ठोकून राहिल्या आणि गुडघाभर चिखलात बसून भाताच्या चाळणीने माती चाळत राहिल्या. गावाने त्यांना नाचणीची भाकरी खाऊ घातली. बाईंनी ती मिटक्या मारत खाल्ली.

शकलं दुरुस्तीला रोमला न्यायच्या पेट्या बंद व्हायच्या दिवशी म्हाताऱ्या गौराबाई पुढे आल्या. गावात त्यांचा शब्द चाले. त्यांना काही सांगायचं होतं, पण त्यांचे भरलेले डोळे बघून टिपणिसांनाच राहवलं नाही.

"आजी, देवी तुम्हाला परत मिळेल. माझा शब्द."

गौराबाईंनी पेट्यांकडे एकवार पाहिलं. मग म्हणाल्या, "शबूद देताव तर पुरा द्या. येक कपची बी मागं ऱ्हायला नको. समदी आमच्या हातात पायजे."

टिपणिसांनी हे मार्ताबाईंना इंग्रजीत सांगितलं. बाईंनी म्हातारीचे दोन्ही हात धरले.

पुढे खरा घोळ मुंबईत झाला. वरिष्ठ म्हणाले, मूर्ती दुरुस्त होऊन आली की इथेच काचेत ठेवू, खेड्यात कोण सांभाळणार? टिपणीस तसे भित्रे. साहेबांसमोर खुर्चीत टेकायचे ते काठावर. पण गौराबाई आणि देवीचा पुजारी बुधाजी दर थोड्या दिवसांनी कचेरीच्या व्हरांड्यात येऊन बसत, आणि त्यांना बघितलं की टिपणीस हातातलं काम सोडून बाहेर येत.

"गावातली लग्नं आडलीत, सायेब," गौराबाई सांगत. "माझी नात पारू. पोरगा थांबलाय, पर त्याचा बाप किती थांबंल? देवीचं काम झाल्याबिगर मांडव घालता येत नाय."

शेवटी टिपणीस साहेबांसमोर उभे राहून म्हणाले, "मूर्ती गावातच जाईल. तिचं काही बरंवाईट झालं, तर मला घरी बसवा."

"बसवीन," साहेब म्हणाले.

मार्ताबाईंनी तर कमाल केली. तपासणीसाठी काढलेला वालाच्या दाण्याएवढा दगड परत जोडता येईना, म्हणून त्यांनी तो कापसात गुंडाळून डबीत घालून पाठवला. बदल्यात एकच मागणं केलं. देवी आपल्या जागी बसली की एक फोटो हवा. कॅमेरा टिपणिसांच्या गळ्यात होता.

टेंपो गावात पोचला, तेव्हा देवळाच्या जागी नवी कौलारू वास्तू उभी होती. आत चौथऱ्यावर लाल कापडाखाली काहीतरी झाकलेलं होतं. पूजेची भांडीकुंडी असतील, असं टिपणिसांना वाटलं. पेटी उघडली. गौराबाईंनी देवीच्या गालावरून, गळ्यावरून बोटं फिरवली.

"कुटं मोडली व्हती त्ये बी उमगत नाय."

"उमगू नये म्हणून तर एवढं केलं, आजी."

"लई साजरी केलीत." त्या पदराने डोळे पुसू लागल्या. नोकरीत पहिल्यांदाच आपण काहीतरी केलं, असं टिपणिसांना वाटलं. त्यांनी डबी पुढे केली. गौराबाईंनी आतला खडा पदराच्या गाठीत बांधला आणि पारूला जवळ ओढून म्हटलं, "आता तुजा मांडव, गं."

देवीला हळदकुंकू लागलं, ओटी भरली, पालखी उठली. ढोल वाजू लागले. देवळाला फेरी घालून पालखी आत वळेल म्हणून टिपणीस दारात कॅमेरा धरून उभे राहिले, पण ती पुढेच गेली. गावातून मिरवणार असतील, असं वाटून ते मागोमाग निघाले. पालखी नदीच्या डोहाकडे उतरली. इतक्या लांबच्या प्रवासानंतर देवीला आंघोळ हवीच, हेही त्यांना पटलं.

बुधाजी आणि तिघे गडी मूर्ती हातांवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात शिरले. गौराबाई काठाजवळ उभ्या होत्या.

"सायेब, चपला काढा नि या. तुमी आनलीत. तुमचा हात लागाया पायजे."

टिपणिसांनी कॅमेरा पारूकडे दिला, चपला काढल्या आणि विजारीसकट पाण्यात शिरून मोठ्या अभिमानाने देवीच्या पाठीखाली हात घातला. दगड गार होता. शेजारी येऊन गौराबाईंनी पदराची गाठ सोडली आणि तो खडा डोहात टाकला.

"मोडलेली देवी पुजत नायत, सायेब," त्या मायेने म्हणाल्या. "नवी कवाची झाकून ठिवलीय, पर जुनी समदी पान्यात गेल्याबिगर तिचं डोळं उघडता येत नायत. सोडा आता हात."