शिकारखान्यातली शाळा

स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि चौकातली शांतता मोडली. शेळीपुढे दबा धरून बसलेली वाघाची बछडी साखरी कान टवकारून उठली आणि शेपूट उडवत दुधाकडे निघाली.

"वाघीण आहे का मांजर?" सज्जातून डॉक्टर भोयर ओरडले. "ताई, ही तिसरी वेळ. आज नाही मारलं तं जन्मभर पिंजरा आहे हिला!"

गॅस बंद करायला सुकेशिनीच विसरली होती.

अभयारण्यातल्या या शिकारखान्यात एकेकाळी राजेसाहेब बंदुका रोखून बसत. पुढे त्याचं विश्रामगृह झालं. शेवटचा वाघ गेल्यावर आता इथं प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत जन्मलेल्या बछड्यांची शाळा भरते. त्यांना शिकार शिकवायला आई नाही. बाटलीनं दूध पाजणारी सुकेशिनी तेवढी आहे.

तिनं दूध मोरीत ओतलं आणि साखरीला मानगुटीला धरून परत आणलं. शेळी गुडघ्याखाली दाबली, कोयत्यानं तिची मांडी चिरली आणि रक्ताची बोटं साखरीच्या तोंडात घातली, अगदी बाटली द्यायची तशी.

"घे माझे बाई, घे!"

साखरी थबकली. मग उसळली ती थेट नरड्यावर. हाड कडकन मोडलं. पाय झाडत झाडत शेळी निपचित पडली. सुकेशिनीनं साखरीच्या पाठीवर हात ठेवला, तशी ती पहिल्यांदाच सुकेशिनीवर गुरगुरली.

"पास!" भोयरांनी टाळी वाजवली.

सुकेशिनी वळली. तिची सहा वर्षांची रेवू दारात उभी होती.

"आई, आजपण साखरी माझ्याच पांघरुणात झोपेल ना?"